स्पेनमधल्या डोंगरदरीत पळायचंय: ओविएदोजवळच्या नदीकाठच्या वाटा कुणी पळालंय का?

बालाघाटी_गुरुजी

रामराम मंडळी. मी अंबाजोगाईचा, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, वय ५१. पळायचा नाद उशिरा लागला, पण आता सुटत नाही. पहाटे साडेचारला घर सोडतो, मुकुंदराजांच्या समाधीकडं दरीत उतरतो, चढून वर येतो. रविवारी बुट्टेनाथाच्या बाजूला जास्तीचं पळणं. अर्धी मॅरेथॉन सव्वादोन तासांत होते.

लेक स्पेनमध्ये ओविएदोला एम.एस्सी. करायलीय. उन्हाळी सुट्टीत मी आणि आमची मंडळी तीन आठवडे तिच्याकडं जायलोत. जूनच्या मध्याला शाळा भरते, त्यात पाऊस वेळेवर आला तर पेरणी, त्यामुळं तारखा हलायच्या नाहीत. लेकीनं एक व्हिडिओ धाडला. कारेस नावाच्या नदीची दरी, दोन्ही अंगाला उभे कडे आणि मधून कातळात कोरलेली वाट. एका टोकाला पोन्सेबोस, दुसऱ्या टोकाला काइन नावाचं खेडं. बघितल्यापासून डोक्यातून जाईना.

माझा हिशोब असा. जायचे १२ किलोमीटर, यायचे १२. वाट नदीच्या कडेनं, म्हणजे सपाटच असणार. पावणेतीन तासांत उरकेल. साडेचारला सुरू केलं तर आठच्या आत परत, मग मायलेकींना घेऊन फिरायला मोकळा. हे जमतंय का? रोज सकाळी पळायला ओविएदोजवळ दुसरी एखादी सोपी दरी आहे का? कुत्र्यांचं काय? आणि गळ्यात माळ आहे, अंडंही चालत नाही, तर पळून आल्यावर खायचं काय?

लेक म्हणते, "बाबा, तिथं लोक चालत जातात, पळत नाहीत." पण तिला माझं पळणं कुठंच पसंत नाही, म्हणून इथं विचारायलोय.

खुलताबादी_बूट

गुरुजी, स्पेनला गेलो नाही, तिकडचं बोलत नाही. पण नदीच्या कडेनं म्हणजे सपाट, हे कुणी सांगितलं? अजिंठ्याला वाघूरच्या पात्राशी उभं राहून वर व्ह्यू पॉइंटकडं बघा. नकाशावर ते अंतर बोटभर आहे.

डोंगरात पळणारे किलोमीटर वेगळे मोजतात. दर १०० मीटर चढाला सपाटीवरचा एक किलोमीटर जास्तीचा धरायचा. आधी हा हिशोब करा, मग वेळ ठरवा.

आणि चढाची काळजी करू नका, उताराची करा. चढाला दम लागला की माणूस आपोआप चालायला लागतो. उताराला मांड्या पिटतात आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं. मी आठवड्यातून एकदा खुलताबादहून म्हैसमाळचा रस्ता चढतो, चढताना बिनधास्त चालतो, आणि सगळी मेहनत उतरताना करतो. पावलं लहान, नजर चार-पाच पावलं पुढं, टाच आपटायची नाही. तुमच्या दारातच घाट आहे. मे लागायच्या आत तिथं असं करून घ्या. निघायच्या आधीचे दहा-बारा दिवस मात्र पाय मोकळे ठेवा.

गुरांची_डॉक्टर

गुरुजी, नमस्कार. मी उदगीरची, व्यवसायानं पशुवैद्य. लग्नानंतर इकडं आले, ओविएदोपासून जवळच राहते आणि तुम्ही म्हणता त्या वाटांवर पळते. सविस्तर लिहिते, कारण तुमचा हिशोब वाचून मला जरा धसकाच बसला.

कारेसची वाट बरीचशी सपाट आहे हे खरं, पण ती नदीमुळं नाही, कालव्यामुळं. १९१६ ते १९२१ या काळात काइनजवळून पाणी उचलून पोन्सेबोसच्या वीजघरापर्यंत डोंगराच्या पोटातून कालवा काढला. त्या कालव्याच्या देखभालीसाठी माणसांना बारमाही जाता यावं म्हणून १९४५ ते १९५० मध्ये कडा सुरुंगानं फोडून आजची वाट केली. कालव्याला उतार अगदी थोडा, म्हणून वाटेलाही थोडा. नदी मात्र आपल्या मर्जीनं खाली खाली जाते. त्यामुळं काइनच्या टोकाला वाट आणि नदी जवळजवळ हातात हात घालून असतात, आणि पोन्सेबोसकडं येता येता नदी पायाखाली इतकी खोल जाते की नुसता आवाज येतो. वीजघराला तेच तर हवं होतं, पाणी उंचावरून पाडायचं.

आता तुमच्या पायांसाठी याचा अर्थ. पोन्सेबोसहून निघालात की पहिले दोन-अडीच किलोमीटर सरळ चढ, साधारण तीनशे मीटर, सुट्या दगडांचा. वरती लोस कोयादोस म्हणून जागा आहे, तिथून थोडं उतरून मग ती व्हिडिओतली वाट सुरू होते. येताना हाच चढ उतार होतो, तोही वीस-एकवीस किलोमीटर झाल्यावर, थकल्या पायांनी. खुलताबादवाले दादा म्हणतात ते अगदी खरं आहे. पडणारे लोक मी त्या शेवटच्या उतारावरच पाहिले आहेत, कड्यावरच्या अरुंद वाटेवर नाही. तिथं भीतीनं सगळे नीट चालतात.

वाट दीड-दोन मीटर रुंद, काही जागी त्याहून कमी, आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही. बोगदे आणि पूल सोडले तर दरीची बाजू उघडी. म्हणून तिथं वेग हा विषयच काढू नका. समोरून माणूस आला की पळणं थांबवून चालायचं, आपण कातळाच्या अंगाला उभं राहून त्याला जाऊ द्यायचं. मागून येत असाल तर लांबूनच "पेर्दोन" म्हणून आवाज द्यायचा. एकदम कुणाच्या पाठीशी जाऊन दचकवलं तर तो बाहेरच्या बाजूला सरकतो. वर कड्यावर शेळ्या आणि रानबकऱ्या असतात, त्यांच्या खुरांनी दगड सुटतात. पाऊस होऊन गेला असेल तर जास्तच. दगडांचा ताजा चुरा दिसला त्या जागी फोटो काढत थांबू नका, पुढं चला.

साडेचारचं विसरा. इथं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढं आहे. मेच्या उत्तरार्धात ओविएदोला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि रात्री पावणेदहाला मावळतो. साडेचारला मध्यरात्रीचाच अंधार. बॅटरी लावून त्या वाटेवर जाण्यात काही अर्थ नाही. सातला पोन्सेबोस सोडा. गर्दी दहाच्या पुढं वाढते, तोवर तुम्ही काइनहून परतीला लागलेले असाल. शनिवार-रविवार टाळा, मंगळ-बुध धरा. ओविएदोहून आरेनास दे काब्रालेस शंभरेक किलोमीटर आहे आणि तिथून पोन्सेबोस आणखी सहा, म्हणजे घरून पाचच्या आसपास निघावं लागेल. त्यापेक्षा आदल्या रात्री आरेनासलाच मुक्काम करा.

वेळ चार तास धरा. तुमचे पावणेतीन नाहीत. पाणी दीड लिटर पाठीवर न्या, वाटेत भरवशाचा नळ नाही. काइनला दोन-चार बार-हॉटेलं आहेत, तिथं भरून घेता येतं, पण सकाळी लवकर गेलात तर उघडलेली असतीलच असं नाही. आणि काइनला पोचून "आता बसनं परत जाऊ" हा बेत मनात आणू नका. मध्ये अख्खा डोंगर आहे. गाडीनं वळसा घालून पोन्सेबोसला यायचं तर शंभरावर किलोमीटर होतात. म्हणजे सहा किलोमीटरवर गुडघा कुरकुरायला लागला तर तिथूनच मागं फिरायचं. तुमच्यासारखी माणसं फिरत नाहीत, ते मला माहीत आहे. माझे वडीलही गुरुजीच होते.

हातातल्या घड्याळावर विश्वास ठेवू नका. दोन्हीकडं उंच भिंती असल्यामुळं उपग्रहाचा सिग्नल कातळावर आपटून येतो, घड्याळ तुम्हाला नदीत किंवा पलीकडच्या कड्यावर दाखवतं. अंतर आणि चढ दोन्ही फुगतात. फोनलाही दरीत बऱ्याच जागी रेंज नसते. इकडचा आपत्कालीन नंबर ११२. वाट चुकायचा प्रश्न नाही, पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या खुणा आहेत. दोन समांतर पट्ट्या म्हणजे वाट बरोबर, फुली म्हणजे इकडं जाऊ नका.

काइनला पोचलात की एक लक्षात ठेवा. त्या गावचा ग्रेगोरियो पेरेस नावाचा मेंढपाळ १९०४ मध्ये पेद्रो पिदाल या सरदाराबरोबर पिकु उर्रिएयुच्या, म्हणजे नारान्हो दे बुल्नेसच्या शिखरावर पहिल्यांदा चढला. उंची २५१९ मीटर आणि वरचा भाग म्हणजे नुसता उभा चुनखडीचा सुळका. त्याच पिदालच्या खटपटीनं १९१८ मध्ये इथं स्पेनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. सरदाराचं नाव सगळीकडं दिसतं. मला मेंढपाळाचं जास्त कौतुक आहे.

आता रोजच्या पळण्याचं. त्यासाठी कारेस नकोच. ओविएदोहून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत तुन्योन म्हणून गाव आहे. तिथून सेन्दा देल ओसो, म्हणजे अस्वलाची वाट, सुरू होते. जुन्या खाणरेल्वेचा मार्ग आहे तो. वरच्या किरोस आणि तेवेर्गा भागातला कोळसा आणि लोखंडाचा दगड या रुळांवरून खाली त्रुबियाला जायचा. तिथं १७९४ पासूनचा तोफांचा कारखाना आहे. रेल्वे गेली, रूळ काढले, वाट राहिली. रेल्वेची चढण असल्यामुळं पायांना कळतसुद्धा नाही. त्रुबिया नदी कायम सोबत, लहान लहान बोगदे, दोन्हीकडं अक्रोड आणि चेस्टनटची झाडं. प्रोआसाच्या अलीकडं अस्वलांचं कुंपण लागतं. १९८९ मध्ये शिकाऱ्यानं आई मारल्यावर वाचवलेल्या पाका आणि तोला या दोन पिल्लांमुळं या वाटेला नाव मिळालं. कारांगाला वाट दोन फाट्यांत फुटते, एक किरोसला, दुसरा तेवेर्गाला. तुन्योनहून तेवेर्गाकडचं एंत्रागो वीसेक किलोमीटर आहे. तुम्ही प्रोआसापर्यंत जाऊन परत आलात तरी सकाळचं पळणं झालं. दरड पडली की एखादा टप्पा बंद ठेवतात, फलक बघून पुढं जा. आणि तुन्योनचं छोटं चर्च बघून घ्या, ते ८९१ सालचं आहे. पळायला आलेले लोक त्याच्याकडं पाठ करून बुटाच्या नाड्या बांधतात.

कारेसच्या आधी सराव हवा असेल तर याच भागात, विलानुएवाजवळून, शानासची घळ आहे. कड्यात कोरलेली वाट, कारेससारखीच पण चारेक किलोमीटरची. शाना म्हणजे इकडच्या आसरा, झऱ्याकाठी राहणाऱ्या. घळीतून वर पेद्रोवेया गावापर्यंत चालत जा, उंचीची भीती वाटते का ते तिथं कळेल. वाटली तर कारेस पळायचं सोडून द्या, चालत करा, तरीही पैसे वसूल आहेत.

कुत्र्यांचं आणि खाण्याचं रात्री लिहिते, आता दवाखान्यात गाय आली आहे.

परभणीचा_पप्पू

लई भारी माहिती. पण गुरुजी, तिकिटाला एवढे पैसे घालून पळायलाच जायचं तर आमच्या गोदाकाठनं पळा की. तिकडं चहा तरी मिळतोय का नीट?

बालाघाटी_गुरुजी

पप्पूशेठ, लेकीला भेटायला जायलोय, पळणं वरकडीचं आहे. गोदाकाठ कुठं पळून चाललाय?

डॉक्टरताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं आणि लेकीलाही वाचून दाखवलं. ती लई खूश झाली, आता रोज ऐकवते. कालव्याची गोष्ट आवडली, सातवीच्या पोरांना उतार शिकवताना वापरणार. वाट वीजघरासाठी केली हे व्हिडिओत कुणी सांगितलंच नव्हतं.

चार तास मान्य. सात वाजता मान्य. पण मायलेकींचं काय करायचं? त्या चार तास गाडीत बसून राहिल्या तर मला पुढचे तीन आठवडे ऐकून घ्यावं लागेल. आणि मे महिन्यात तिकडं पाऊस कितपत असतो?

गुरांची_डॉक्टर

गाय ठीक आहे, वासरू झालं.

मायलेकींसाठी सोय आहे. पोन्सेबोसलाच फ्युनिक्युलर आहे, तारेनं ओढली जाणारी डबा-गाडी. सव्वादोन किलोमीटर, सगळा बोगदा, चारशे मीटर वर बुल्नेस गावात नेऊन सोडते, सातेक मिनिटांत. बुल्नेसला अजूनही मोटारीचा रस्ता नाही. २००१ मध्ये ही गाडी सुरू होईपर्यंत आजारी माणूससुद्धा पायवाटेनं खाली आणावा लागायचा. त्या दोघींनी वर जाऊन निवांत बसावं, हवा मोकळी असेल तर वाटेवरच्या टप्प्यावरून नारान्होचा तो सुळका दिसतो. तुम्हाला दुसऱ्या दिवशी पाय शिल्लक राहिले तर तुम्ही जुन्या पायवाटेनं बुल्नेसला चढून त्यांना गाठा. ती वाट टेहो घळीतून जाते, चारेक किलोमीटर, निव्वळ चढ. मला विचाराल तर ती कारेसपेक्षा पळणाऱ्याच्या जास्त कामाची आहे. गर्दी कमी आणि तुमच्या घाटातला सगळा सराव तिथं उपयोगी पडतो.

पाऊस केव्हाही येतो. आपल्यासारखा धो धो नाही, भुरभुर, पण तास न् तास. अंबाजोगाईच्या चाळीस-बेचाळीस डिग्रीतून निघालेल्या माणसाला इथली मेमधली सकाळ थंडीच वाटणार. पातळ विंडचीटर पाठीवर असू द्या. ओली चुनखडी फार घसरते, त्यात हजारो पावलांनी ती वाट गुळगुळीत झालेली. बूट इथून नवे घेऊ नका, नव्या बुटांनी चोवीस किलोमीटर करायचे नसतात. तिकडूनच ट्रेलचे घ्या, मऊ रबराचा तळवा असलेले, आणि घाटात वापरून आणा. खोल दात बघून भुलू नका. ते चिखलाला कामाचे, इथं ओल्या कातळाला धरणारं रबर लागतं.

आता कुत्रे. हा माझा विषय, म्हणून नीट वाचा. दरीतल्या वाटेवर त्रास नाही. पण वरच्या कुरणांकडं गेलात तर मास्तीन भेटतील. राखणीचे कुत्रे, पन्नास-साठ किलोचे, लांडग्यापासून कळप सांभाळायला ठेवलेले. ते चावायला येत नाहीत, मध्ये उभे राहायला येतात. पळणारा माणूस त्यांना धोका वाटतो. म्हणून कळप दिसला की पळणं बंद. चालत, लांबून वळसा घालून जायचं, कळप आणि कुत्रा यांच्या मधून कधीच नाही. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. आणि आपली एक सवय आहे, कुत्रा आला की वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. आपल्याकडं कुत्रा पळतो. हा पळत नाही, हा जवळ येतो. हात खाली, शांतपणे मागं सरायचं. फाटक उघडलं तर लावून घ्यायचं, गायी सुटल्या तर मालक कुत्र्यापेक्षा वाईट.

दुसरी गोष्ट गोचीड. मे-जूनमध्ये गवतात भरपूर असतात. आपल्याकडं बैलाच्या कानात बघतो तसं पळून आल्यावर स्वतःच्या गुडघ्यामागं, जांघेत, कमरपट्ट्याखाली बघायचं. सापडली तर तेल, रॉकेल, काडी असलं काही नको. चिमट्यानं कातडीलगत तोंडाशी धरून सरळ वर ओढायची. पुढं काही आठवड्यांत त्या जागी लाल गोल चकंदळ वाढत गेलं किंवा ताप आला तर डॉक्टरला गोचीड चावल्याचं सांगायचं, हा लाइम आजार अंबाजोगाईच्या डॉक्टरच्या सहज ध्यानात येणार नाही.

नांदेडची_धावपटू

ताई, मध्येच विचारते. बाई एकटी पळू शकते का त्या अस्वलाच्या वाटेवर? अस्वलं मोकळी असतात का?

गुरांची_डॉक्टर

मी एकटी पळते. सकाळी सायकलवाले, म्हातारी माणसं, कुत्रं फिरवणारे, कुणी ना कुणी असतंच, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण नमस्कार करतो, तुम्हीही करायचा. घूरणारं कुणी मला भेटलं नाही. बोगद्यात अंधार असतो, कपाळाची छोटी बॅटरी ठेवते. अस्वलं या डोंगरांत मोकळी आहेत हे खरं, पण ती माणसाची चाहूल लागली की दूर जातात. मला तर रानटी अस्वल दिसलेलं नाही, कुंपणातलंच दिसलंय.

गुरुजी, खाण्याचं राहिलं. फाबादा नावाची पांढऱ्या घेवड्याची भाजी इथं सगळीकडं मिळते, वास मोठा छान, पण आत डुकराचं मांस असतं, तिला हात लावू नका. "मांस नको" म्हटलं तरी हामोनचे, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांडीचे, तुकडे येतात, कारण ते हामोनला मांसात धरतच नाहीत. लेकीला एकेक नाव घेऊन सांगायला लावा: हामोन नको, चोरिसो (डुकराचं सॉसेज) नको, मासा नको, अंडं नको. उरतं काय? भाजलेल्या मिरच्या, टोमॅटोचं सॅलड, तळलेले बटाटे, उत्तम पाव. काब्रालेसचं निळं चीज तिथंच गुहांत पिकवतात, पण बऱ्याच चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, माळकरी माणसानं ते विचारून घ्यावं. दुपारी चारच्या पुढं बऱ्याच स्वयंपाकघरांना कुलूप, रात्रीचं जेवण नऊला. पळून आलेल्या माणसाची उपासमार व्हायला एवढं पुरतं. म्हणून धपाटे करून ठेवा आणि सोबत न्या.

बालाघाटी_गुरुजी

चीजचं बरं सांगितलंत, ते तर बिनधास्त खाल्लं असतं. आमची मंडळी विचारायलीय की डिंकाचे लाडू साजूक तुपातले आणि खव्याची पोळी आणली तर चालेल का? चार दिवस टिकतं.

खुलताबादी भाऊ, परवापासून उतार सुरू केला. मांड्यांनी सांगितलं.

खुलताबादी_बूट

दोन आठवड्यांनी सांगायच्या बंद होतील. जिने उलटे उतरू नका तेवढं.

गुरांची_डॉक्टर

गुरुजी, तूप-खवा-पेढे काहीच नको. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या बॅगेतून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आंबेही तसेच, कागदपत्रांशिवाय बहुतेक ताजी फळं आणता येत नाहीत. वहिनींना म्हणावं, गूळ-शेंगदाण्याचे लाडू तुपाशिवाय वळा, कारेसला खिशात तेच चांगले. तीळ, जवस, कारळाची चटणी आणा.

आणि आरेनासचा मुक्काम आत्ताच ठरवून टाका, मेमध्ये तिथं जागा मिळते. जायच्या आदल्या दिवशी राष्ट्रीय उद्यानाची सूचना आणि हवामान लेकीला बघायला सांगा. जोराचा वारा किंवा मोठा पाऊस असेल तर त्या दिवशी कारेस रद्द, सरळ तुन्योनला जायचं. तारीख ठरली की इथं लिहा, मंगळवार असेल तर मीही सुट्टी टाकून येईन. मी पुढं, तुम्ही मागं, लेकीला तेवढाच धीर. शेंगदाण्याची चटणी मात्र जरा जास्त आणा, लसूण घातलेली.